बोंडअळीच्या जीनमधली काटछाट

प्रश्न: आमच्या यवतमाळ भागात बीटी कपाशीवर पण गुलाबी बोंडअळी येते. एका कार्यक्रमात ऐकलं की अळीच्या जीनचं स्प्लायसिंग बदललंय म्हणून बीटी चालत नाही. पण एक जीन एक प्रोटीन असं शाळेत शिकलो होतो, मग हे काय नवीन?

उत्तर: शाळेतलं ते आता जुनं झालं. जीनवरून आधी लांबलचक आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, बनतो, त्यात कामाचे तुकडे म्हणजे एक्सॉन आणि मधेमधे इंट्रॉन, पेशी इंट्रॉन कापून टाकते आणि एक्सॉन जोडते, यालाच स्प्लायसिंग म्हणतात, पण दरवेळी सगळेच एक्सॉन घेते असं नाही. कुठला घेतला, कुठला गाळला, त्यावर प्रोटीन बदलतं. फळमाशीचा डीस्कॅम1 जीन बघा, त्यात चार जागी पर्याय आहेत, 12, 48, 33 आणि 2, आता करा गुणाकार. 38,016! आणि त्या माशीचे एकूण जीनच साधारण 14 हजार. या वेगवेगळ्या प्रोटीनमुळे मज्जापेशीला आपल्याच फांद्या ओळखून त्यांच्यापासून लांब राहता येतं. किड्यांत नर की मादी हेसुद्धा डबलसेक्स नावाच्या एकाच जीनच्या दोन वेगळ्या जोडण्यांवर ठरतं.

आता तुमची अळी. बीटीतलं क्राय1एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रोटीनला चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. 2014 साली छापून आलेल्या एका अभ्यासात भारतातल्या शेतांमधल्या रेझिस्टंट, म्हणजे विषाला दाद न देणाऱ्या, अळ्यांचा या कॅडहेरिनचाच जीन तपासला तर तो मोडलेला निघाला, म्हणजे विषाला नीट चिकटायला जागाच नाही, आणि गंमत म्हणजे एकाच मोडक्या जीनवरून स्प्लायसिंगमुळे तऱ्हेतऱ्हेचे आरएनए बनत होते, बरेचसे अर्धवट. म्हणजे तुम्ही ऐकलं ते अर्धं बरोबर, आधी डीएनएत बिघाड आणि त्यामुळे कापाकापी चुकली. अळी काही शिकून-बिकून आली नाही हो, आधीच असा बिघाड असलेल्या थोड्या अळ्या विषातून वाचल्या आणि त्यांचीच पिल्लावळ वाढत गेली. 2006 ला बोलगार्ड 2 ही नवी बीटी कपाशी आली, त्यात दुसरं विष क्राय2एबी, तर त्याला दाद न देणाऱ्या अळ्यांमध्येही एबीसीए2 या वेगळ्याच जीनचं स्प्लायसिंग बिघडलेलं सापडलं, हे 2018 चं.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच, की मग टेस्ट करून आधीच कळणार नाही का. अवघड आहे, कारण बिघाड एक नाही, ढीगभर आहेत, एका डीएनए टेस्टमध्ये सगळे सापडत नाहीत. बहुतेक वेळा जीनच्या दोन्ही कॉप्या बिघडल्या तरच अळी वाचते, म्हणून तर नॉन-बीटी ओळी लावायला सांगायचे, तिथल्या साध्या पतंगांशी जोडी जमली की पिल्लांत एक कॉपी चांगली राहते. त्या ओळी किती जणांनी लावल्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे ठेवून घेतलेलं पीक, घेऊ नका, तिच्यावर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं खायला मिळतं.