माझ्याकडं चालतंय, दुकानात का नाही?

लिनक्स पॅकेज (प्रोग्राम मशीनवर बसवण्यासाठी बांधलेला गठ्ठा) बांधताना लागणाऱ्या कंट्रोल (डेबियन), स्पेक (फेडोरा), पीकेजीबिल्ड (आर्च) वगैरे माहितीफायलींबद्दल सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न यावेळी घेतले आहेत. डेबियन, फेडोरा आणि आर्च हे लिनक्सचे तीन प्रकार; पहिल्याची पॅकेजं 'डेब', दुसऱ्याची 'आरपीएम'. फील्डची (फाईलमधल्या एकेका नोंदीची) आणि कमांडची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. फाईलमध्ये मात्र ती रोमन लिपीतच लिहायची, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन सिरियल केबलनं कॉम्प्युटरवर घेऊन शेतकऱ्याची पट्टी छापणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आणि त्याचं डेब पॅकेज केलं. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं. दुकानातल्या मशीनवर पॅकेज बसतं, पण प्रोग्राम उघडला की 'सिरियल नावाचं मॉड्यूल नाही' असा एरर येतो. पॅकेज बनताना तर एकही तक्रार आली नव्हती.

तक्रार येणारच नव्हती. पॅकेज बनताना तुमचा पायथन प्रोग्राम कुणी चालवून बघत नाही, फायली फक्त जागच्या जागी ठेवल्या जातात. तुमच्या लॅपटॉपवर कधीतरी पिप या कमांडनं पायसिरियल, म्हणजे ते 'सिरियल' मॉड्यूल देणारी पायथनची लायब्ररी, बसवलेली असणार, म्हणून तिथं चालतं. दुकानातल्या मशीनला ते कुणी सांगितलेलंच नाही.

कंट्रोल फाईलचे दोन भाग असतात. वरचा सोर्सचा आणि खालचा प्रत्यक्ष बसणाऱ्या पॅकेजचा. वरच्या भागातलं 'बिल्ड-डिपेंड्स' म्हणजे बांधताना काय लागतं आणि खालच्या भागातलं 'डिपेंड्स' म्हणजे चालवताना काय लागतं. नवख्या माणसाचा घोटाळा बहुतेक वेळा इथंच होतो, कारण सगळी यादी वर कोंबली तरी पॅकेज बनतं. तुमच्या खालच्या भागात 'पायथन३-सिरियल' हे नाव पाहिजे. डेबियनमध्ये पायसिरियलचं पॅकेज त्या नावानं आहे.

तुम्ही म्हणाल, डिपेंड्समध्ये डॉलर आणि महिरपी कंसात लिहिलेले ते व्हेरिएबल आपोआप भरतात ना? भरतात, पण त्यांना मर्यादा आहे. 'शलिब्ज' वालं व्हेरिएबल फक्त कंपाईल केलेल्या फायली कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहेत ते बघतं. 'पायथन३' वालं व्हेरिएबल तुमच्या प्रोजेक्टमध्ये जाहीर केलेली अवलंबनं (चालायला लागणाऱ्या इतर लायब्ऱ्या) वाचून त्यांची डेबियनमधली नावं शोधतं. तुमची एकच सुटी स्क्रिप्ट असेल आणि पायप्रोजेक्ट किंवा सेटअप फाईलच नसेल, तर ते वाचणार काय? इम्पोर्टच्या ओळी वाचून ते अंदाज बांधत नाही. तेव्हा एकतर प्रोजेक्ट नीट मांडा, नाहीतर नाव हातानं लिहा. तुमच्या एवढ्या कामाला हातानं लिहिलेलं पुरेसं आहे.

आता दुसरी गोष्ट. डिपेंड्स लिहिल्यावर 'डीपीकेजी -आय' ही पॅकेज बसवायची कमांड अडून बसेल. पॅकेज उघडून ठेवेल, पण कॉन्फिगर करणार नाही, कारण अवलंबनं शोधून आणणं हे त्याचं कामच नाही. 'ॲप्ट इन्स्टॉल' वापरा आणि फाईलच्या नावाआधी टिंब-स्लॅश द्या. ते विसरलात तर ॲप्ट ते नाव रेपॉझिटरीत (पॅकेजांच्या सामायिक कोठारात) शोधत बसतं.

आणि पॅकेज कधीही स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका. एसबिल्ड किंवा पीबिल्डर या साधनांनी स्वच्छ, कोऱ्या जागी बांधलं की बिल्ड-डिपेंड्समधली उणीव उघडी पडते. तुमची उणीव मात्र तिथंही सापडली नसती. ती पकडायला कोरा डेबियन कंटेनर (मशीनमधलंच वेगळं, रिकामं डेबियन) घ्या, त्यात पॅकेज बसवा आणि प्रोग्राम एकदा खरोखर उघडा.

एवढं झालं की पुढची अडचण येईल. सिरियल पोर्ट उघडताना 'परवानगी नाही' म्हणेल. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं खातं 'डायलआउट' गटात घालावं लागतं आणि एकदा लॉगआउट करून परत आत यावं लागतं. हे काम पोस्टइन्स्ट, म्हणजे पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या, स्क्रिप्टमधून करायचा मोह टाळा. ती स्क्रिप्ट रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) म्हणून चालते, गल्ल्यावर कोण बसतं ते तिला माहीत नसतं.

प्रश्न : मी विश्रामबागेत राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कंट्रोल फाईलमध्ये डिस्क्रिप्शनचे दोन परिच्छेद लिहिले आणि मध्ये एक ओळ रिकामी सोडली, तर बिल्डच मोडलं. चेंजलॉगची (बदलांच्या नोंदीच्या फाईलची) तारीखसुद्धा चुकीची आहे म्हणतं, पण तारीख बरोबरच आहे.

कंट्रोल फाईलमध्ये रिकामी ओळ म्हणजे तो भाग संपला, पुढं नवीन पॅकेज सुरू. तुमचा दुसरा परिच्छेद पॅकेज बांधणाऱ्या प्रोग्रामनं नवं पॅकेज समजून वाचला आणि तिथं फील्डचं नावच नाही म्हणून तो थांबला. परिच्छेद सोडायचा तर त्या ओळीत एक स्पेस आणि एक टिंब द्यायचं, बाकी काही नाही. वर्णनाची प्रत्येक ओळही एका स्पेसनं सुरू झाली पाहिजे. दोन स्पेस दिल्या तर ती ओळ जशीच्या तशी दाखवली जाते, जोडून घेतली जात नाही.

चेंजलॉगमधली तारीख बरोबर असेल, पण तिच्या आधीची जागा बघा. शेवटची ओळ अशी असते : एक स्पेस, दोन हायफन, एक स्पेस, तुमचं नाव, टोकदार कंसात ईमेल, मग दोन स्पेस आणि त्यानंतर वार, तारीख, वेळ आणि शेवटी +०५३०. ईमेल आणि तारखेच्या मध्ये एकच स्पेस पडली की गाडी अडली. डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून ती फाईल हातानं लिहूच नका, 'डीसीएच' कमांड वापरा. चेंजलॉगला हलक्यात घेऊन चालत नाही. पॅकेजची आवृत्ती याच फाईलच्या पहिल्या ओळीतून घेतली जाते, तुमच्या कंट्रोल फाईलमध्ये आवृत्तीचं फील्डच नसतं.

प्रश्न : साताऱ्यात आमचा छोटा सॉफ्टवेअरचा व्यवसाय आहे. ग्राहकांना आधी '२.०बीटा' दिलं. महिन्याभरानं पक्कं '२.०' रेपॉझिटरीत टाकलं, तर ॲप्ट म्हणतं, सगळं अद्ययावत आहे. बीटा काढून पुन्हा बसवायला प्रत्येक ग्राहकाकडं माणूस पाठवायचा का?

माणूस पाठवू नका. ॲप्टच्या हिशोबात '२.०बीटा' हे '२.०' पेक्षा नवं आहे. तुलना डावीकडून उजवीकडं चालते. '२.०' पर्यंत दोघं बरोबरीत, पुढं एकाकडं 'बीटा' शिल्लक आहे आणि दुसऱ्याकडं काहीच नाही. ज्याच्याकडं शिल्लक, तो मोठा. बीटा म्हणजे कच्चं, हे त्याला कळत नाही, त्याला नुसती अक्षरं दिसतात.

यासाठीच टिल्ड आहे, कीबोर्डवर एस्केपच्या खालच्या बटणावरची ती नागमोडी रेघ. टिल्ड सगळ्यांच्या खाली लागतो, 'काहीच नाही' च्याही खाली. '२.०' नंतर टिल्ड देऊन 'बीटा' लिहिलं असतं तर पक्कं '२.०' आपोआप वर आलं असतं. आरपीएममध्येही टिल्डचा अर्थ हाच.

झालेल्या गोष्टीवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे इपॉक, आवृत्तीच्या आधी '१' आणि अपूर्णविराम. तो सगळ्यांवर मात करतो, पण एकदा लावला की कायमचा. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो द्यावाच लागेल. एवढ्याशा कारणासाठी मी तो लावणार नाही. दुसरा उपाय साधा आहे : पक्की आवृत्ती '२.०.१' म्हणून काढा. डेबियनच्या तुलनेत अक्षरं टिंबाच्या आधी लागतात, म्हणून '२.०.१' हे '२.०बीटा' च्या वर जातं. आरपीएममध्ये नियम वेगळा आहे. तिथं अक्षरांच्या तुकड्यापेक्षा अंकांचा तुकडा नवा धरला जातो. निकाल मात्र तोच.

यातली गंमत अशी, की आर्चवर तुमची तक्रारच आली नसती. पॅकमन, म्हणजे आर्चचा ॲप्ट, आकड्याला चिकटलेली अक्षरं जुनी धरतो. त्याच्या लेखी '२.०बीटा' मुळातच '२.०' च्या आधीचं. तिन्ही घरचे नियम तीन. त्यामुळं तर्क लढवत बसू नका, आवृत्ती बाहेर सोडण्याआधी डेबियनवर 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स' आणि आर्चवर 'व्हर्सीएमपी' चालवून विचारा.

प्रश्न : मिरज. एयूआरवरच्या (आर्च वापरणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या पॅकेजांच्या संकेतस्थळावरच्या) माझ्या पॅकेजचा पीकेजीव्हर, म्हणजे आवृत्तीचा आकडा, वाढवला, पुश केलं, पण पानावर जुनीच आवृत्ती दिसते.

डॉट-एसआरसीइन्फो ही पॅकेजच्या माहितीची फाईल नव्यानं बनवायची राहिली. पीकेजीबिल्ड ही खरंतर बॅश स्क्रिप्ट आहे. परक्यानं लिहिलेली स्क्रिप्ट कुठला शहाणा सर्व्हर स्वतः चालवून बघेल? म्हणून एयूआर फक्त एसआरसीइन्फो वाचतो. ती साधी मजकुराची फाईल असते. 'मेकपीकेजी --प्रिंटएसआरसीइन्फो' चं उत्तर त्या फाईलमध्ये वळवा, कमिट करा, पुश करा. आणि मेकपीकेजीच्या आधी सूडो लावू नका, रूट म्हणून ते चालायलाच नकार देतं.

प्रश्न : कराडमध्ये शिक्षक आहे. शाळेच्या लॅबमध्ये फेडोरा आहे. सरावाचा एक प्रोग्राम आरपीएम करून सगळीकडं बसवायचा आहे. स्पेक फाईलमधली '%कॉन्फिगर' ही ओळ हॅश लावून बंद केली, तरी काहीतरी चालतंच. शिवाय चेंजलॉगमध्ये 'बोगस डेट' असा इशारा येतो.

सर, स्पेकमध्ये हॅशनं मॅक्रो (टक्के चिन्हाचं छोटं नाव, ज्याच्या जागी मोठा मजकूर येतो) बंद होत नाही. आरपीएम मॅक्रो आधी उलगडतं आणि उलगडलेला मजकूर मग शेलच्या हाती देतं. 'कॉन्फिगर' उलगडला की त्याच्या बऱ्याच ओळी होतात. तुमचा हॅश त्यातल्या फक्त पहिल्या ओळीपुढं राहतो, बाकीच्या ओळी मोकळ्या सुटतात. दोन टक्के चिन्हं लिहा, म्हणजे मॅक्रो उलगडणारच नाही. मी तर ती ओळ सरळ काढून टाकीन. जुनं गिटमध्ये असतंच.

'बोगस डेट' म्हणजे वार आणि तारीख जुळत नाहीत. जुनी नोंद कॉपी करून तारीख बदलली आणि वार तसाच राहिला, असं झालं असणार. बिल्ड त्यानं थांबत नाही, पण दुरुस्त करून टाका.

जाता जाता एक सांगतो. डेबियनची अवलंबनं स्पेकमध्ये जशीच्या तशी उतरवू नका, नावं बदलतात. वर सांगलीच्या प्रश्नातली जी लायब्ररी डेबियनवर 'पायथन३-सिरियल' आहे, तीच फेडोरावर 'पायथन३-पायसिरियल' आणि आर्चवर 'पायथन-पायसिरियल' आहे. फेडोरावर त्याहून बरी सोय आहे : 'पायथन३डिस्ट' लिहून कंसात पायपीआयवरचं (पायथन लायब्ऱ्यांच्या कोठारातलं) नाव द्यायचं. मग पॅकेजचं नाव पाठ ठेवावं लागत नाही.

प्रश्न : वाईत छपाईचं काम करतो. प्रेसमधल्या पाच-सहा मशीनवर आमचे मराठी फॉन्ट एका पॅकेजमधून बसवायचे आहेत, पुढं ते सगळ्यांसाठी नेटवरही ठेवीन म्हणतो. सोबतच्या छोट्या प्रोग्रामचं नाव मेनूमध्ये मराठीत दिसलं तर उत्तम.

बांधणी सोपी आहे. आर्किटेक्चरच्या जागी 'ऑल' लिहा. फॉन्ट प्रोसेसरप्रमाणे बदलत नाही. फायली यूएसआर, शेअर, फॉन्ट्स, ट्रूटाईप या वाटेवर ठेवा. पोस्टइन्स्टमधून 'एफसी-कॅश' (फॉन्टची नोंद ताजी करणारी कमांड) चालवायची गरज नाही, त्या फोल्डरमध्ये काही आलं की फॉन्टकॉन्फिगचा ट्रिगर ते काम करतो.

खरा प्रश्न कॉपीराइट फाईलचा आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. विकत घेतलेल्या सीडीवरचे फॉन्ट असतील तर ते नेटवर ठेवायचा हक्क तुम्हाला बहुधा नसेल. प्रेसमधल्या किती मशीनवर चालतील, तेही परवान्यात लिहिलेलं असतं. आधी तो काढून वाचा. परवाना माहीत नसताना कॉपीराइट फाईलमध्ये अंदाजानं 'जीपीएल' लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिलेत. बिल्ड त्यांना अडवत नाही, म्हणून ते खरं ठरत नाही. मोकळेपणानं वाटता येणारा फॉन्ट हवा असेल तर लोहित देवनागरी घ्या. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे आणि डेबियनमध्ये तयार पॅकेज म्हणून मिळतो. आणि तुमचे फॉन्ट जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे असतील तर पॅकेज करून ते युनिकोड होणार नाहीत. त्याला मजकूरच बदलून घ्यावा लागतो.

मेनूमधल्या नावासाठी डेस्कटॉप फाईल आहे. 'नेम' ची रोमन ओळ तशीच राहू द्या. तिच्याखाली चौकटी कंसात 'एमआर' लावून दुसरी 'नेम' ओळ लिहा आणि तीत मराठी नाव द्या. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. मशीनची भाषा मराठी असेल तरच ते नाव दिसेल, नाहीतर पहिली ओळ दिसेल. 'एक्झेक' च्या ओळीला मात्र हात लावू नका, ती मशीनसाठी आहे. शेवटी 'डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेट' चालवा.

प्रश्न : कोरेगाव. नवीन आवृत्ती बसवली की आमच्या पतसंस्थेची सेटिंगची फाईल दर वेळी कोरी होते.

ती फाईल यूएसआरखाली ठेवली असणार. ईटीसीखाली हलवा. तिथल्या फायली डेबहेल्पर (डेब पॅकेज बांधायचं साधन) आपोआप कॉन्फफाईल, म्हणजे सेटिंगची फाईल, म्हणून नोंदवतो. मग पॅकेजमधली फाईल बदलली असेल आणि तुम्हीही तिच्यात बदल केलेला असेल, तर डीपीकेजी आधी विचारतं. आरपीएममध्ये हे आपोआप होत नाही, फाईल्सच्या यादीत त्या फाईलपुढं 'कॉन्फिग' आणि कंसात 'नोरिप्लेस' लिहावं लागतं. मग तुमची फाईल जागेवर राहते आणि नवी तिच्या शेजारी 'आरपीएमन्यू' या शेपटीसह येते. आर्चवर तीच नोंद बॅकअपच्या यादीत करतात, फक्त तिथं पथाच्या सुरुवातीचा स्लॅश द्यायचा नाही.