कपाटातल्या जुन्या सीडी टाकू नकोस

अगं, ग्रंथालयात रुजू झालीस आणि पहिलंच काम म्हणून सीडीचं कपाट रिकामं करायला निघालीस? जरा थांब की.

एका सीडी-रॉमवर साधारण 650 ते 700 एमबी मावतं. आज हे हसण्यावारी जाईल, पण नेट घरोघरी नव्हतं तेव्हा मेडलाइनसारखी वैद्यकीय लेखांची सूची वाचकांना सीडीवरच चाळता यायची. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांमागे चिकटवलेल्या सीडीत ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम असायचे, ते आता छापील पुस्तकात सापडत नाहीत.

आधी बाहेरून जोडायचा यूएसबी सीडी ड्राइव्ह घे. नुसत्या फाइली कॉपी करू नकोस, अख्ख्या डिस्कची आयएसओ प्रत काढ, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत. कारण काही प्रोग्रॅम चालताना डिस्कच मागतात. मराठी मजकूर उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर घाबरू नकोस, तो युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमधला असतो. फॉन्टची फाइल बहुधा त्याच सीडीत मिळते, कन्नडचंही तेच.

पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ ने, गोल नको. नावाच्या बाजूला जास्त जप! चकाकणारा थर तिथंच, पातळ लाखेखाली असतो. मी तिथं बॉलपेननं नंबर घालून दोन सीडी घालवल्यात. खानापूरकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे, तेव्हा खालचा खण नको.

आणि कुणी एमआरआयची सीडी विसरून गेलं, तर ती उघडून बघू नकोस, माणसाला शोधून परत दे.