खड्ड्याची कड

सप्रेम आशीर्वाद.

लुप्त संस्कृतींच्या शोधाची सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलंस. मातीच्या एका चौकोनापासून कर. वस्तू कुठल्या थरात आणि कशाशेजारी पडली होती ही नोंद गेली, की कितीही सुंदर वस्तू असो, ती काचेच्या कपाटातली शोभा होऊन राहते.

इनामगाव घे. घोड नदीकाठचं हे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या काळातलं गाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलं. तिथली माणसं लहान मुलांना घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि मूल त्यांत. आता बघ, नंतरच्या पिढीने जमीन फोडून खड्डा घेतला, तर तिचे कुंभ कितीतरी जुन्या थरात जाऊन बसतात. खणणाऱ्याला खड्ड्याची कड दिसली नाही, तर नातवाची भांडी पणज्याच्या खात्यावर पडतात, आणि कालक्रम तिथेच बिघडतो.

कड दिसते कशी? ट्रॉवेलने, म्हणजे छोट्या थापीने, तळ सपाट खरवडायचा, झाडून घ्यायचा, वर हलकं पाणी शिंपडायचं. भरावाची माती भुसभुशीत असते, बहुतेक वेळा ओल जास्त धरते आणि शेजारच्या मातीपेक्षा उशिरा सुकते. भर दुपारी यातलं काही कळत नाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघायचं. संशय आला तर अर्धाच खड्डा रिकामा कर, म्हणजे उभा छेद हाती लागतो. जे शेवटी घडलं ते आधी काढायचं: खड्डा आधी, त्याने कापलेला थर मागाहून. उंदरांची बिळंही अशीच फसवतात, आणि ती तर कुणी हौसेने नोंदवतसुद्धा नाही.

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खणायचा चौकोन आखताना ५ मीटरची बाजू घेतलीस, तर कर्ण ७.०७ मीटर यायला हवा. येत नसेल तर खुंट्या पुन्हा ठोक. दोन चौकोनांमध्ये अर्धा ते एक मीटरचा पट्टा न खणता ठेवतात. थरांचा पुरावा त्याच्याच भिंतीत उभा असतो. मोजमाप नेहमी एकाच आधाररेषेवरून घे. इथून तिथे, तिथून पुढे असं मोजत गेलास तर प्रत्येक वेळची छोटी चूक साठत जाते.

खापरं मऊ ब्रशने धू, कच्च्या भाजणीची असतील तर पाणी टाळ, आणि सावलीत पूर्ण वाळू दे. मुंबईच्या हवेत हे फार सांभाळावं लागतं. ओलसर खापर पिशवीत बंद केलं की बुरशी येते आणि चिठ्ठी कुजते. म्हणून एक चिठ्ठी आत, एक बाहेर. क्रमांक खापराच्या आतल्या बाजूला घालायचा, नक्षीवर नाही. काळ ठरवणाऱ्या कार्बन-१४ चाचणीसाठी कोळसा घेताना जाड ओंडक्यापेक्षा जळालेलं धान्य बरं. ओंडक्याचा गाभा चूल पेटण्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो, धान्य मात्र एका हंगामाचं.

सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, स्तूप १८८२ मध्ये पुराविद्येचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी उघडला. आतल्या दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक निघाले, सर्वांत आतला सोन्याचा. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. पण त्याच पेटीतल्या आठ कांस्यमूर्ती शैलीने आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या. पेटी मधल्या काळात पुन्हा उघडली गेली असावी, असाच याचा अर्थ लागतो. नुसतं नाणं हाती असतं तर सगळा ऐवज सातवाहनांचा ठरला असता. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

सराव कान्हेरीला कर. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण तू एकच छोटा विहार निवड. १:५० प्रमाणात, म्हणजे मीटरला २ सेंटिमीटर धरून, आलेख कागदावर त्याचा आराखडा काढ. मग कातळात कोरलेल्या पन्हळी पोढीपर्यंत, म्हणजे कातळातल्या टाक्यापर्यंत, पाणी कसं नेतात ते उताराचे बाण दाखवून मांड. लेखांवर खडू फिरवू नकोस, पाणी ओतू नकोस; ठसे घ्यायचे तर परवानगी लागते. पावसाळ्यात पन्हळी वाहताना दिसतात, पण शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा बूट नीट घाल. लेणी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, ते सोमवारी बंद असतं.

आणि जमिनीवर दिसलेलं खापर खिशात घालू नकोस. फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेव, जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा कायदा १८७८ पासून आहे. आराखडा झाला की पाठव. त्यात उत्तर दिशा आणि प्रमाण घातलं नसेल तर तसाच परत करेन.