आधी पिशवी उघडायला सांग

अगं, तुझा मेल परवाच वाचला, पण चिडचिड गेल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेली नाही, तरी लिहितेय. कॉन्फरन्समधल्या तुझ्या रिसर्च पोस्टरला बक्षीस मिळालं, मस्त झालं, आईला फोटो पाठवलास ना, मग तो विषय संपला. आता विचारतेस की रिसर्चमध्येच राहू की पीएचडी झाल्यावर सायकोफार्माकोलॉजीचं मास्टर्स, म्हणजे सायकॉलॉजिस्टला मनाच्या आजारांवरची औषधं लिहायला तयार करणारं ते एमएससीपी, करू, कारण सगळे म्हणतात तुझं प्रोफाईल स्ट्राँग आहे. प्रोफाईल काय पेशंटला द्यायचंय?

पोस्टर मी नीट वाचलंय. झोप आणि एन्झायटी, कॉलेजची मुलं, आकडे स्वच्छ. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, की सायकियाट्रिक औषधं घेणाऱ्यांना वगळलंय. रिसर्चमध्ये चालतं हे, सगळेच करतात. पण बाई, प्रिस्क्राईब करायला लागलीस की तुझ्यासमोर येऊन बसणारी माणसं तीच, जी तू वगळलीस.

मी सगळ्या स्टुडंट्सना एकच गोष्ट सांगते आणि ते मला हसतात. पेशंटला घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांग आणि पिशवी टेबलावर ओतायला लाव. यादी नको, तोंडी नको, पिशवी. इथे न्यू मेक्सिकोत हॅचच्या बाजूला मिरचीच्या शेतात काम करणारा एक माणूस माझ्याकडे आला होता, हात थरथरतात, एन्झायटी आहे, थेरपी द्या म्हणून पाठवलेला. पिशवीतून निघालं काय, तर एकाने मूड स्थिर राहावा म्हणून दिलेलं लिथियम, दुसऱ्याने बीपीसाठी दिलेलं लिसिनोप्रिल, आणि पाठ दुखते म्हणून स्वतःच दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची मोठी बाटली, तळ दिसायला लागलेली. त्यात उन्हाळा, दिवसभर घाम. लिथियमची रक्तातली लेव्हल साधारण 0.6 ते 1.2 मध्ये ठेवायची असते, आणि या बाकीच्या दोन्ही गोळ्यांमुळे किडनी लिथियम बाहेर टाकायला कमी पडते, अंगातलं पाणी-मीठ घटलं की अजूनच. कसली एन्झायटी, लिथियम चढलं होतं! गोळ्या देणारे दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते गं, फक्त पिशवी कोणी उघडली नव्हती.

आणि मी काय करू शकत होते? फोन. एका क्लिनिकच्या होल्डवर ते म्युझिक ऐकत बसले, समोर तो माणूस मांडीखाली हात दाबून बसलेला. शेवटी लाईनवर आलेल्या बाईने विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का. पीएचडीवाली आहे म्हटलं, तर पुन्हा होल्ड.

सायकॉलॉजिस्टला औषधं लिहू देणारा कायदा इथे 2002 मध्येच झाला होता, देशातलं पहिलं राज्य. त्याच्याही आधी मिलिटरीने 1991 ला प्रोग्राम सुरू करून औषधं लिहिणारे दहा सायकॉलॉजिस्ट तयार केले होते. म्हणजे वाट मोकळी होती आणि मी मात्र लोक काय म्हणतील म्हणून बरीच वर्षं बसून राहिले, ते मला अजून सलतं. माझे दीर एमडी आहेत, दिवाळीला सगळ्यांसमोर मला हाफ डॉक्टर म्हणतात. म्हणू देत. 450 तासांचे क्लास, मग सुपरव्हिजनखाली 400 तास आणि निदान शंभर पेशंट, वर नॅशनल परीक्षा, त्यानंतरही दोन वर्षं कंडिशनल सर्टिफिकेट आणि पेशंटच्या फॅमिली डॉक्टरशी कायम संपर्क ठेवायचा. शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं. आणि त्या शेतावरून सायकियाट्रिस्टकडे जायला किती मैल पडतात तेही बघावं. असो, दिरांचा राग तुझ्यावर कशाला.

तुझ्या बाकीच्या शंका पटकन. औषधाच्या चिठ्ठीवर सायकॉलॉजिस्टची सही काही राज्यांतच चालते, इथे न्यू मेक्सिकोत, मग लुईझियाना, इलिनॉय, आयोवा, आयडाहो, आता कोलोराडो आणि युटा. ओरेगॉनमध्ये असं बिल पास होऊन दोनदा व्हेटो झालं, 2010 ला आणि 2017 ला, त्यामुळे बॉयफ्रेंड तिथे आहे म्हणून तिथलं गणित मांडू नकोस. पुण्याला परत जायचं असेल तर तिकडे सायकॉलॉजिस्टला औषध लिहिता येत नाही, डिग्री कुठलीही असो. पण पिशवी तिथेही उघडता येते, आणि पुण्यात तर अॅलोपॅथीच्या जोडीला काढे, भस्मं आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या झोपेच्या गोळ्याही निघतील.

रिसर्च की औषधं हा प्रश्नच मला कळत नाही. पिशवी उघडली की प्रश्न समोर पडतात, त्यांचा अभ्यास कर, आपोआप रिसर्च होतो. नाही उघडलीस तर बक्षिसं मिळत राहतील, त्याला काही अडचण नाही.

तर आता एवढं कर. डेटाशीट उघड, वगळलेले किती होते बघ, आणि ते काय काय घेत होते हे फॉर्ममध्ये विचारलंच होतंस का तेही बघ. नावं काढून टाक, फक्त आकडे आणि औषधं पाठव. नसेल विचारलं तर तसं सरळ लिही, मग रविवारी फोनवर बोलू. ॲप्लिकेशनची डेडलाईन गेली तर जाऊ दे, पुढच्या वर्षी पण येते.

ताई