दोन मिनिटांत धंदा कसा मांडावा?

प्रश्न : सोलापुरात आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा गृहउद्योग आहे. खरेदीदारांसमोर दोन मिनिटं बोलायचं आहे. घरच्यांना ऐकवलं तर ‘छान झालं’ म्हणतात, पण वेळ साडेतीन मिनिटांवर जाते. काय करू?

उत्तर : ताई, आधी ‘छान झालं’ बाजूला ठेवा; त्यातून काहीच दुरुस्त होत नाही. तुमच्या धंद्याची माहिती नसलेल्या तिघांना ऐकवा आणि लगेच विचारा : मी काय विकते? कोणाला? तुमच्याकडून काय मागितलं? तिघांपैकी दोघं एकाच जागी अडखळले, तर ते वाक्य बदला. एकट्याच्याच मतावर सगळं भाषण उलथवू नका.

वेळ बहुधा सुरुवातीलाच जाते. ‘आमचा उद्योग अमुक साली सुरू झाला’ हे काढा. त्याऐवजी म्हणा : ‘भुईमुगाचे दाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ उखळात कुटून केलेली चटणी. 200 ग्रॅमचं पाकीट, तुम्हाला दर इतका, इतके दिवस टिकते.’ टिकण्याचे दिवस तपासून घेतलेलेच सांगा, तिथं अंदाज चालत नाही. शेवटी मागणी नेमकी हवी : ‘पहिल्या महिन्यात 50 पाकिटं ठेवून बघा.’ ‘सहकार्य करा’ म्हटलं की समोरचा नुसती मान हलवतो.

मिनिटाला साधारण 120 शब्द होतात; तुम्ही 200 च लिहा, म्हणजे श्वासाला आणि चव द्यायला जागा राहते. पाठ मात्र करू नका, एक शब्द निसटला की सगळंच अडतं. चार मुद्दे लक्षात ठेवा, रोज उभं राहून तीनदा बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका.