पूर्णवेळ नोकरी सांभाळून कॅथोलिक ईशज्ञानाचा अर्धवेळ अभ्यासक्रम झेपतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: चाळिशीच्या तोंडावर वेळ पुरेल का, पदवीचा उपयोग काय, आणि शिकता शिकता श्रद्धाच डळमळली तर? मी लेखापरीक्षक आहे. दिवसा लोकांचे हिशेब तपासतो आणि गेली चार वर्षं रात्री ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकतो. अजून संपलेलं नाही. तेव्हा आधी हिशेबच मांडतो.

माहितीपत्रकात ‘अर्धवेळ, सहा वर्षं’ असं छापलेलं असतं. वाचायला सोपं वाटतं. जिथे युरोपीय क्रेडिट पद्धत आहे (रोमच्या अखत्यारीतल्या बऱ्याच विद्याशाखांत ती आहे), तिथे पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे व्याख्यानं, वाचन, निबंध सगळं धरून २५ ते ३० तास. अर्धवेळ म्हणजे वर्षाला ३० क्रेडिट, म्हणजे ७५० ते ९०० तास. बावन्न आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १४ ते १७ तास, आणि त्यात आजारपण, लग्नकार्य, कचेरीतली वर्षअखेर काही धरलेलं नाही. मी हे गणित प्रवेश घेतल्यानंतर केलं. लेखापरीक्षकाला न शोभणारी गोष्ट. पहिल्याच सत्रात तीन पेपर घेतले आणि दीड महिन्यात एक सोडला.

आता कागदाचं. एकाच नावाच्या दोन पदव्या असतात, आणि इथेच बरेच जण फसतात. एक नागरी विद्यापीठाची, दुसरी ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, अधिकाराने दिली जाणारी. पहिली नोकरीच्या बाजारात ओळखली जाते. दुसरी ख्रिस्तसभेच्या संस्थांत शिकवायला लागते. तिच्या तीन पायऱ्या: बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट, डॉक्टरेट. ईशज्ञानाचं पूर्ण बॅकलॉरिएट, तत्त्वज्ञान धरून, पूर्णवेळ पाच वर्षांचं. प्रापंचिकांना (धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्यांना) जास्त सोयीची वाट म्हणजे ‘धार्मिक शास्त्रे’ हा तीन अधिक दोन वर्षांचा क्रम. काही संस्थांना दोन्ही पदव्या देण्याचे अधिकार असतात, म्हणून थेट विचारा: ही पदवी नागरी, ख्रिस्तसभेची की दोन्ही? उत्तर लेखी घ्या. आणि घरचे विचारतीलच म्हणून सांगतो, या पदवीने कोणी धर्मगुरू होत नाही. त्याची तयारी वेगळी असते. प्रापंचिकाला हे शिकण्याचा हक्क मात्र आहे, ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेच्या (कॅनन लॉ) २२९ व्या कलमात तो स्पष्ट लिहिलेला आहे. ‘तुम्हाला कशाला हवंय हे?’ असं कोणी म्हटलं तर हे कलम उपयोगी पडतं.

वेळेची खरी अडचण तासांपेक्षा वेगाची आहे. हा विषय भरभर वाचताच येत नाही. ख्रिस्त कोण हे ठरवणाऱ्या, ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या धर्माध्यक्षांच्या परिषदेचं उदाहरण घ्या. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव, दोन स्वभाव पण व्यक्ती एक; आणि हे दोन स्वभाव एकत्र कसे, तर गल्लत नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. ग्रीकमधले चार शब्द, चारही नकारार्थी. पहिले दोन स्वभावांची सरमिसळ करणाऱ्यांना अडवतात, पुढचे दोन ख्रिस्ताचे दोन तुकडे करणाऱ्यांना. हे नेमकं कसं घडतं ते परिषदेने सांगितलंच नाही. या एका ओळीवर माझे तीन आठवडे गेले. मला ‘नेति नेति’ आठवलं आणि निबंधात मी ते मोठ्या हौसेने लिहिलं. शेरा आला: ‘साम्य दिसलं म्हणून थांबू नका, फरक सांगा.’ फरक असा की इथले नकार आधी ठामपणे केलेल्या एका विधानाची राखण करतात. हे मला गाडीत उभं असताना सुचलं, टेबलाशी बसून नव्हे. पूर्णवेळ विद्यार्थी तोवर पुढच्या परिषदेवर गेलेला असतो. तेव्हा हळू चालण्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तेराव्या शतकातला ईशज्ञानी थॉमस अक्विनस याच्या ग्रंथांची धास्ती अनेकांना असते, मला उलट घरी आल्यासारखं वाटलं. आधी प्रश्न, मग आक्षेप, मग विरुद्ध बाजूचं एक प्रमाणवचन, मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाचा एकेक करून निकाल. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशी परिचय असेल तर हा साचा अनोळखी वाटणार नाही. ऑडिटचे आक्षेप निकाली काढण्याची सवय असेल तर मुळीच नाही.

नोकरीचा फायदा सर्वात जास्त झाला तो नीतिशास्त्रात. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हातभार किती, यावर तिथे बारकाईने विचार केलेला आहे: त्या कृत्याला मनातून संमती देऊन केलेली मदत वेगळी, आणि मनात संमती नसताना आपल्या कामाचा त्याला झालेला उपयोग वेगळा, त्यातही आपलं काम त्या कृत्याच्या किती जवळचं, आणि न करण्याने काय नुकसान. वर्गातली विशी-बाविशीतली मुलं हे पाठ करत होती. मला त्याच आठवड्यात वरून निरोप होता की एक आक्षेप ‘जरा सौम्य शब्दांत’ लिहावा. मी तो वाक्प्रयोग वहीत लिहिला आणि त्याच्यापुढे कुठला प्रकार लागू होतो ते. दुसऱ्या दिवशी आक्षेप मूळ शब्दांतच गेला. त्याचे परिणाम झाले, ते इथे नको.

श्रद्धेचं. हो, डळमळते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीच्या दोन वेगळ्या कथा आहेत, मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट सर्वात जुन्या हस्तलिखितांत १६व्या अध्यायाच्या आठव्या ओळीवरच थांबतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा महिनाभर मला मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलचं वाचन ऐकवेना. मनात सारखी लाल पेन्सिल. पण वचनाचा साहित्यप्रकार ओळखून अर्थ लावा, असं पोप बाराव्या पायसने १९४३ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे मी ज्याला भगदाड समजत होतो तो केव्हाचा वापरातला दरवाजा होता. तरी ज्याच्याशी असं बोलता येईल असा एक माणूस आधीच शोधून ठेवा. प्राध्यापकच हवा असं नाही.

ग्रीक-लॅटिनची भीती नको. निदान ग्रीक अक्षरं वाचता येऊ द्या, कोश उघडता आला की बरंच निभतं.

पैसे भरण्याआधी दोन महिने एक करून पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘देई वेर्बुम’ हा देवाच्या प्रकटीकरणावरचा १९६५ चा दस्तऐवज घ्या, अवघे २६ परिच्छेद आहेत. रोजचे दोन तास घड्याळ लावून बसा, प्रत्येक परिच्छेदावर एक खरा आक्षेप लिहा आणि त्याचं उत्तर त्याच मजकुरातून शोधा. दोन महिन्यांनी तास मोजा. आठवड्याला सरासरी चौदाच्या आसपास भरत असतील तर पदवीला जा. सहा-सातच भरले तर डिप्लोमा घ्या किंवा एकेक पेपर सुटा करा. मीही सध्या सत्राला एकच करतो.