शेतावर पाहुणे आले की: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थंडीत शेतावर वीस-पंचवीस पाहुणे बोलावतो. दरवेळी शेकोटीचा धूर इतका होतो की माणसं उठून घरात जातात. रॉकेल ओतूनही फरक पडत नाही. काय चुकतं?

लाकूड ओलं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. आगीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, ज्वाला थंड राहते आणि अर्धवट जळालेले वायू धूर होऊन बाहेर पडतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. त्यासाठी ओंडके फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजूंनी वारा खेळता ठेवून सहा महिने ते वर्षभर वाळवावे लागतात. न फोडलेला ओंडका सालीमुळे आतून ओलाच राहतो. दोन फाकी एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या तर वाळलं, दबका आवाज आला तर अजून नाही.

रचताना जाड फाकी खाली, बोटभर फट ठेवून आडव्या-उभ्या थरांत, वर बारीक काटक्या, आणि काडी वरूनच लावा. खालून निघणारा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. रॉकेल अजिबात नको. पेटत्या आगीवर ओतलं तर भडका थेट हातापर्यंत येतो. रंग दिलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक यांचा धूर विषारी असतो.

भोवती दगड लावणार असाल तर ओढ्यातले नकोत. त्यांच्या चिरांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात, कपच्या उडतात. गंजी आणि गोठा वाऱ्याच्या दिशेला येणार नाहीत अशी जागा निवडा, भोवतालचं वाळलं गवत काढा आणि भरलेल्या दोन बादल्या आधीच जवळ ठेवा. वारा सुटला असेल तर त्या दिवशी शेकोटी नको, पाहुण्यांचा कितीही आग्रह असला तरी.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेल्यावर ऊब लागली नाही तरच ती विझली. नुसती माती लोटली तर खालचे निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पोरांचे पाय भाजतात. एक गोष्ट कळकळीने सांगतो: रात्री उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

प्रश्न : स्वयंपाक सकाळीच उरकून संध्याकाळी वाढला तर चालेल का?

झाकून तसाच ठेवला तर नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. तांदूळ किंवा इतर धान्य शिजवलं असेल तर जास्त जपा: काही जंतूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात आणि नंतर त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळी करायचंच असेल तर पसरट भांड्यांत दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरून लवकर थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी मधल्या भागातूनही वाफ निघेपर्यंत तापवा. भरलेलं मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर आतलं अन्न कित्येक तास कोमट राहतं. बहुतेक पोटं इथेच बिघडतात.

प्रश्न : शहरातली मुलं गोठ्यात रमतात. त्यांना जाऊ द्यावं ना?

जरूर जाऊ द्या, पण खाऊ हातात घेऊन नको. धडधाकट दिसणाऱ्या गुराच्या शेणातूनही आजार पसरवणारे जंतू येतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ते जास्त बाधतात. गोठ्याच्या दाराशीच साबण आणि वाहतं पाणी ठेवा, 20 सेकंद हात चोळायला लावा. मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. विहीर, हौद आणि शेणखड्डा यांची झाकणं पाहुणे येण्याआधी स्वतः फिरून तपासा. वासरू पाजणाऱ्या गायीजवळ मोठ्या माणसांनीही जाऊ नये. एरवी गरीब असलेली गायही तेव्हा अंगावर येते.